सगळ्यांत वरची खोली

म्हैसूर, ४ डिसेंबर १९१३
टाकी माझ्याच खोलीत बसणार. दादाने आज कोपरा मोजला. विलायतेहून शिकून आल्यापासून घर गरम करायचं खूळ. घरामागे बंब, तिथून तापल्या पाण्याचे नळ खोल्याखोल्यांत. पाणी तापलं की फुगतं म्हणे. फुगलेल्याला जागा हवी, आणि ती टाकी सगळ्या नळांच्या वर हवी. चामराजपुरमच्या या घरात सगळ्यांत वर मीच.
निमित्त अप्पांच्या गुडघ्यांचं. अप्पा म्हणाले, "मला अंगणातलं ऊन पुरे." ऐकतंय कोण!

९ डिसेंबर
जस्ती पत्र्याची टाकी आली. कोपरा गेला. दुपारी वाचायला येणाऱ्या मुली दाटीवाटीने बसल्या. शांता म्हणाली, "अक्का, हे काय?" म्हटलं, "फुगलेल्या पाण्याची खोली." सगळ्या हसल्या. मला हसू येईना.
नवरा गेल्यावर परत आले, तेव्हा अप्पांनी ही खोली दिली. माझं म्हणावं असं एवढंच. त्यातही आता...

१३ डिसेंबर
बंब पेटवला. खाली कौतुक. वहिनी नळाला हात लावून, "अय्यो, केवढा गरम!" वर टाकी भरून वाहू लागली. जास्तीचं पाणी बाहेर सोडायचा नळ अजून बसवलाच नव्हता. अंथरूण, मुलींची पुस्तकं, सगळं भिजलं.
दादा धावत आला. आधी टाकी पाहिली. "लहान पडली." वहिनीच्या हौसेखातर दिवाणखान्यात नळ वाढवले होते, त्यांतलं पाणी हिशेबात धरायचं राहिलं. पुस्तकांकडे त्याने पाहिलंही नाही.

१६ डिसेंबर
नवी टाकी दुप्पट मोठी. माझी रवानगी कोठीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी. मुली आल्या, दारातून डोकावल्या. बसणार कुठे? परत गेल्या.
वहिनी म्हणते, "थोडे दिवस सुम्ने राहा ना, वन्सं." सुम्ने! गप्पच तर आहे इतकी वर्षं.

१९ डिसेंबर
दादा जेवायला बसला तेव्हा विचारलं, "दुसरी जागाच नव्हती?"
भात कालवत राहिला. मग म्हणाला, "होती. गच्चीवर, जिन्याच्या डोक्यावर चौथरा बांधून ठेवता आली असती."
"मग?"
"रस्त्यावरून दिसली असती, अंबू. घराची शोभा जाते."
वहिनीने ताक वाढलं.
आजवर वाटायचं, पाण्याच्या नियमापुढे इलाज नाही. पाण्याचा काही दोष नाही.

२० डिसेंबर
अप्पांना सांगितलं. "पोरी, घर आता त्याचं आहे." त्यांचाही राग आला. म्हाताऱ्या माणसावर रागावून काय मिळवलं? पण आला.
शांताची आई देवळात भेटली. "मुलगी रडते हो घरी. पाठवू की नको?"

२२ डिसेंबर
दादाचे वरिष्ठ, इंग्रज साहेब, उद्या दुपारी घर पाहायला येणार. गालिचा मीच झाडला. वहिनी हळूच जवळ आली. "वन्सं, तेवढा वेळ कोठीतच थांबा हं. पाहुण्यांपुढे आलवण बरं दिसत नाही."
"बरं" म्हटलं. तोंडाला सवयच ती.
मग शांताच्या घरी गेले. म्हटलं, उद्या दुपारी सगळ्या मुलींना पाठवा.
तिच्या आईने विचारलं, "कोठीत मावतील?"
"दिवाणखान्यात बसू. तिथे भरपूर जागा आहे."
तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "दादांना ठाऊक आहे?"
मी निघाले. ती दारापर्यंत आली, पण पाठवते की नाही, ते बोलली नाही.
एकही मुलगी आली नाही, तरी मी बसणार आहे.