मंधातला मुलूख

बाबा, “मंधातला मुलूख पाह्यला नाही, तं तू गेली कुठं?” हे तुम्ही मला म्हणालात तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते आणि चिखलदऱ्याच्या सगळ्या घाटात झोपून राहिले होते. एसटी तुम्ही चालवत होता. तुमच्या बाजूला इंजिनाचं जे झाकण असायचं, त्यावर चादरीची घडी घालून तुम्ही मला बसवलं होतं. खालून ऊब यायची आणि डोळे मिटायचे. परतवाडा सोडल्यावर तुम्ही दोन-तीनदा हाक मारलीत, मी हूं म्हणाले आणि पुन्हा कलंडले. वर पोचल्यावर “आलं चिखलदरा!” म्हणून मी टुणकन उठले, तेव्हा, मधला सगळा मुलूख मी झोपेत घालवला म्हणून, तुम्ही ते वाक्य बोललात. रागावून नाही. एखाद्याने पानातलं वरण तसंच ठेवलं की वाढणाऱ्याला कसं वाटतं, तसं.

आज ते आठवायला कारण झालं. परवा राजापेठेतल्या एका टूरच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो होतो, मी, तुमचे जावई आणि तुमची नात. तुम्ही गेलात तेव्हा ती पहिलीत होती, आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. टेबलावर गुळगुळीत कागदाच्या पुस्तिका पसरल्या होत्या. दुबई, बाली, व्हिएतनाम, आणि बारा दिवसांत आठ देश दाखवणारा युरोप. जावयांचं म्हणणं ग्रुपबरोबर जाऊ. “डोक्याले ताप नाही. टूरवाला उठोते, टूरवाला फिरोते, सकाळी पोहे अन् संध्याकाळी वरण-भात.” तुमची नात म्हणाली, “वरण-भातच खायचा तं बडनेऱ्यापर्यंत जाऊन वापस या ना, बाबा.” तिला व्हिएतनामला जायचंय, तेही ग्रुपशिवाय. राहायच्या जागा ती फोनवर शोधणार, तिथे स्कूटर भाड्याने घेणार, मनात येईल तिथे थांबणार. टूरवाल्या बाईंनी हसून माझ्याकडे पाहिलं. “अन् मॅडम, तुमाले कुठं जायचं आहे?” मी म्हणाले, “नेपाळ. रस्त्यानं.” बाई पुस्तिका चाळायला लागल्या. आणि पोरगी म्हणाली, “आई, नेपाळ काय परदेश असते का? पासपोर्टवर शिक्का तरी बसते का त्याचा?”

बाबा, ते वाक्य माझं होतं. तिने ते कुठे ऐकलेलं नाही. तरी माझंच, शब्दाला शब्द.

अकोल्याच्या घरातलं स्वयंपाकघर. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, तुम्ही रिटायर झाला होता आणि ओट्यापाशी उभे राहून चहा करत होता. साखरेचा डबा आई ठेवायची तिथे नव्हता, तुम्ही तो ड्रायव्हरच्या सवयीने डाव्या हाताशी आणून ठेवला होता. मी अमरावतीहून आले होते ते ठरवूनच, की तुम्हाला परदेश दाखवायचा. तुमचा चेहरा उजळला. “तं मंग नेपाळ जाऊ. माझा एक दोस्त यात्रेची गाडी घेऊन गेला होता. सोनौली म्हणून गाव आहे. तिथं गाडीतून उतरायचं अन् कमानीखालून पायी पायी परदेशात जायचं. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. मले ते पाहायचं आहे बाई, मुलूख बदलते तं नेमका कुठून बदलते.” आणि मी शिक्क्याचं ते वाक्य बोलले. वर म्हणाले, “जन्मभर बसच तं केली बाबा, आता विमानात बसा.” आमच्या शाळेतल्या दोघी सिंगापूरला जाऊन आल्या होत्या, स्टाफरूममध्ये त्यांचे फोटो फिरत होते. तुम्हाला न्यायचं होतं हे खरं. पण कुठे न्यायचं, ते मी त्या फोटोंकडे पाहून ठरवलं. तुम्ही बशीत चहा ओतलात, फुंकर मारलीत आणि म्हणालात, “तू म्हनशीन तसं.”

विमानात खिडकीची जागा तुमच्या नावावर होती. तुम्ही ओळीपाशी थांबलात आणि मला आत सारलंत. “तू बस. मी जन्मभर काचेतूनच पाहत आलो.” मी एकदाही ‘नाही’ म्हणाले नाही. बसले. तुम्ही मधे, तुमच्या पलीकडे एक अनोळखी गृहस्थ पेपर वाचत. विमान धावायला लागलं तेव्हा तुमचा उजवा पाय खाली जमिनीवर दाबलेला मी पाहिला, आमच्या स्कूटरवर मागे बसूनही तुम्ही तसाच ब्रेक लावायचात. वर गेल्यावर तुम्ही हळूच विचारलंत, “समोरून दुसरं इमान आलं तं हा पायलट हात दाखवते का नाही?” मी हसले. ड्रायव्हर समोरच्या ड्रायव्हरला हात दाखवल्याशिवाय पुढे जात नाही, हे तुमच्याबरोबर किती वर्षं पाहिलं होतं मी. मग मी झोपले, बाबा. काचेला डोकं टेकवून, आणि ऊन येतं म्हणून झडप खाली ओढून. घाटात झोपले होते तशीच. या वेळी तुम्ही हाकही मारली नाहीत.

जाग आली तेव्हा विमान उतरत होतं. झडप वर केली तर खाली समुद्र आणि त्यात जहाजंच जहाजं. “बाबा, जहाजं पाहा किती!” तुम्ही पुढे वाकलात, पट्ट्याने अडलात, पट्टा सोडू लागलात तर हवाईसुंदरीने येऊन तुम्हाला मागे बसवलं. “सांग ना तू, काय दिसते?” तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, “खूप आहेत, सगळी उभीच आहेत,” आणि फोटो काढत राहिले. परतीच्या विमानात आम्हाला मधल्या रांगेत जागा मिळाली. म्हणजे खिडकी ती एकदाच होती.

तिथे चार दिवस तुम्ही सगळं मुकाट पाहिलंत, पक्षी, कारंजी, उंच इमारती. तुम्ही खुललात ते एकदाच, बसथांब्यावर. इथून एक बस पूल ओलांडून दुसऱ्या देशात जाते, हे कोणाकडून तरी तुम्हाला कळलं. “म्हणजे बसनं परदेश! चाल ना बाई, जाऊन येऊ.” मी म्हणाले, त्याचा व्हिसा वेगळा लागतो, आणि दुपारी मत्स्यालय आहे. व्हिसाचं खरंच होतं. पण व्हिसा असता तरी मी मत्स्यालयच म्हटलं असतं. बस आली तसा तुम्ही ड्रायव्हरकडे पाहून हात वर केलात. त्यानेही केला. दिवसभर तुम्ही ते दोनदा सांगितलंत मला, जसं काही मी तिथे नव्हतेच.

अकोल्याला परतल्यावर तुम्ही मावंदं घालायचं काढलंत. काशीहून सुखरूप आलेल्या माणसाने लोकांना जेवू घालायचं, ते मावंदं. मला लाज वाटली. “बाबा, सिंगापूर काय काशी आहे?” “काशी नाही, पण गेलो तं होतो ना? सुखरूप आलो तं चार लोकाइले घास द्यावाच लागते.” मग अंगणात गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वरण झालं, वांग्याची भाजी झाली. गंगाजलाऐवजी तुम्ही विमानतळावर घेतलेली चॉकलेटं वाटलीत, आणि शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी ते चॉकलेट आधी कपाळाला लावलं, मग तुमच्या पाया पडल्या. “समुद्रापार जाऊन आला बाप्पा हा माणूस! दादा, वरतून काय दिसते हो?”

पंगत ऐकायला लागली. मी वरणाचं भांडं घेऊन उभी. तुम्ही म्हणालात, “जहाजं दिसतात काकू. संपाच्या दिवशी डेपोत गाड्या कशा उभ्या राहतात, डायवर नाही, कंडक्टर नाही, तशी उभी होती समुद्रात. वाटे, आता कोणी येईन अन् घंटी मारीन.” कोणीतरी “वा रे वा” म्हणालं. काकू म्हणाल्या, “तुमचे डोळे धन्य झाले.” तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. नंतर मोरीपाशी हात धुताना मात्र विचारलंत, अगदी हळू, “बराबर सांगितलं ना? काही सुटलं तं नाही?”

मी म्हणाले, “नाही बाबा.” आणि म्हणाले, पुढच्या दिवाळीत नेपाळ, नक्की. त्या दिवाळीत पोरीला ताप होता म्हणून राहिलं. पुढच्या दिवाळीला तुम्ही नव्हता.

परवा ऑफिसातून घरी आल्यावर मी या दोघांना सोनौलीची कमान सांगितली. खिडकीचं सांगितलं नाही. पोरगी म्हणाली, “बरं. एक खेप आजोबाची. पुढची व्हिएतनाम.” जावई म्हणाले, “अन् मले पोहे?” रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौली, मग कमानीखालून पायी, आणि पलीकडे काठमांडूची बस. पुढच्या महिन्यात निघतोय. ती दोघं शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे माझ्या बाजूची जागा कोणा अनोळखी माणसाची असेल.

गेली इतकी वर्षं कोणी विचारलं की मी सांगते, बाबांना विमानात खिडकी दिली होती. परवाही त्या टूरवाल्या बाईंना सांगून आले. दिली नव्हती. हा कागद तुमच्या पासपोर्टात ठेवून देते, त्यात एकाच खेपेचे शिक्के आहेत. मी या वेळी झोपणार नाही, दिसेल ते सगळं सांगेन. पण त्याआधी एक ऐकाल का? तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे, तुम्ही ओळीपाशी थांबून मलाच आत साराल. तरी बाबा, या खेपेला खिडकीत तुम्ही बसा.