चोपलेली धावपट्टी

९ ऑक्टोबर, गुरुवार, अस्कर (आखात)

आजोबांना जपान्यांनी युद्धकैदी करून एका बेटावर नेलं. तिथली लष्करी धावपट्टी त्यांच्याकडून हातांनी चोपून सपाट करून घेतली. पुढे दिवाळीआधी घरी अंगण चोपायला काढलं, की तो धपधप आवाज नको म्हणून ते उठून निघून जायचे.

आज रजेवर सही घ्यायला गेलो, तर जपानी साहेबाने फोनमध्ये त्याच बेटाची धावपट्टी दाखवली. कधीची बंद, गवत माजलेलं, बकऱ्या चरतायत.

"अजून किती सपाट आहे बघ! आमच्या लोकांचं काम."

तुमच्या लोकांचं? अगदी ओठावर आलं होतं. पण सही व्हायची होती ना! "व्हेरी नाइस, सर," म्हणालो. मीच म्हणालो.

सही मिळाली. आता गावी जाऊन अंगण चोपायचंय. आजोबा निदान उठून तरी जायचे.