किल्ल्यावरून खरवडून आणलेलं दगडफूल

अव्वा, काल तुझ्या पणतीनं, माझ्या नातीनं, माझं जेवणाचं टेबल दिवसभर अडवून ठेवलं. बाजारातून पाव किलो दगडफूल आणलं, वर्तमानपत्रावर पसरलं आणि भिंग डोळ्याला लावून एकेक तुकडा निवडत बसली. ही पोरगी दगडफुलांवर संशोधन करते आणि त्यासाठी तिला शिष्यवृत्ती मिळते, हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. संध्याकाळपर्यंत पाच ढीग झाले. एकाच्या कडेला बारीक केस, एकाच्या अंगावर पीठ सांडल्यासारखी भुकटी, एक खालून कोळशासारखं काळं. एकावर तिनं तपासणीच्या औषधाचा थेंब सोडला तर ते आधी पिवळं आणि मग लालभडक झालं, शेजारचं मात्र ढिम्म. "आजी, लोक याला एकच मसाला समजतात आणि एका पुडीत इतक्या जाती निघतात!" ती म्हणाली. मला तुझी आठवण झाली. सोलापूरचं दगडफूल नाकाला लावून तू "ह्ये निराळं, त्ये निराळं" म्हणत वेगळं काढायचीस आणि वाणी वैतागून जायचा. तुझ्याकडं भिंग नव्हतं एवढंच.

मी तीस वर्षं कॉलेजातल्या मुलींना शिकवलं की दगडफूल ही एक वनस्पती नाहीच, तो बुरशी आणि शेवाळ या दोघांचा संसार आहे. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हात अन्न शिजवतं, आणि एकट्याला जिथं जगणं अशक्य त्या उघड्या दगडावर दोघं मिळून शेकडो वर्षं काढतात. आता पणती सांगते की तुमचं जुनं झालं आजी, कित्येक दगडफुलांत तिसरंही कुणी सापडलंय, वरच्या सालीत बसलेलं, आणि जीवाणू तर किती, त्याची गणतीच चाललीय. इतकी वर्षं भिंगाखाली धरून पाहिलं आणि घरातलं तिसरं माणूस आम्हाला दिसलं नाही म्हणायचं! मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट मजा वाटली. पण त्या तिसऱ्या माणसावरून मला एक बाई आठवली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही. आपलं गुळगुळीत झालेलं जातं छिन्नीनं टाकवायला यायची ती. तिच्याबद्दल तुला एक सांगायचं राहून गेलंय.

ते वर्ष आठव. सोलापूर स्वतंत्र झालेलं, आपलं नळदुर्ग अजून निजामाच्या राज्यात, आणि मधल्या नाक्यावर माल अडवलेला. तामलवाडीच्या नाक्याअलीकडं काही म्हणता काही येत नव्हतं. अप्पा सोलापुरात अडकले होते आणि घर तुझ्या काळ्या मसाल्यावर चाललं होतं. दिवस धाकाचे होते, दारं लवकर लागायची, पण तुझ्या स्वयंपाकघरात मला भीती अशी कधी वाटली नाही. तिथं कायम काहीतरी भाजलं जात असायचं. वैशाखात पेठेतल्या एका घरी लग्न निघालं आणि मसाल्याचं काम तुझ्याकडं आलं. धने, खोबरं, तीळ, मिरच्या, डब्याच्या तळाशी राहिलेल्या लवंगा, तू सगळं जमवलंस. एकच जिन्नस मिळेना. "कल्लहूव न्हाय म्हंजे मसाला न्हाय," तू म्हणालीस. "नुसतं तिखट हाय ह्ये. पयल्या घासाला वळखतील लोकं. परत कोण दारात येतंय मग?" दगडफुलाला तू नेहमी कानडीतच बोलवायचीस. कल्ल म्हणजे दगड आणि हूव म्हणजे फूल, एवढं कानडी मला येत होतं. आणि आपल्या गावात दगडांना काय तोटा?

मी नऊ वर्षांची आहे. तू दुपारची जरा आडवी झालीस, तेवढ्यात मी उलथनं परकरात लपवून किल्ल्याकडं पळालेय. तटाच्या सावलीतल्या बाजूला दगडांवर राखी, पिवळे, शेंदरी डाग आहेत, पोरांच्या अंगावर गजकर्ण उठतं तसे गोल गोल. सोलापूरचं दगडफूल वाळल्या पानासारखं हातात येतं, हे काही केल्या सुटत नाही. दगडालाच सारवल्यासारखं बसलंय. मग मी खरवडते. हाताला रग लागेपर्यंत खरवडते, आणि ओच्यात मूठ-दोन मूठ पिवळट भुकटी घेऊन घरी येते. भाजलेला मसाला परातीत निवत ठेवलेला असतो. भुकटी त्यात मिसळून वरून हात फिरवते. मसाला दळून झाला की तू वास घेशील, चकित होशील, आणि मग सांगायचं, असा माझा बेत. तुला न मिळालेली वस्तू मी आणून दिली होती, अव्वा. चोरी म्हणून नव्हतं केलं ते.

दळून झाल्यावर तू भाकरीच्या तुकड्याला मसाला लावून तोंडात टाकलास आणि तुझा चेहराच बदलला. दाताखाली कचकच. दोनच दिवसांपूर्वी त्या टाकीवाल्या बाईनं जात्याला टाकी लावली होती. टाकी लावली की दगडाची कच राहते, म्हणून पहिलं दळण कोंड्याचं करून फेकून द्यायचं, हे आपल्याकडं लहान पोरीलाही ठाऊक असतं. तू तिला नदीकडच्या पालातून बोलावून घेतलंस. शेजारची बायामाणसं दारात जमली.

"कोंडा दळून काढलीस का न्हाय?"

"काढला की अक्का. दोन डाव काढला. वर मीठ बी फिरिवलं."

"मग ही कच आभाळातनं पडली व्हय? लग्नाचं हाय ह्ये. माझं नाव जातंय गावातनं."

तिनं चिमूटभर मसाला तळहातावर घेतला, बोटानं पसरला आणि निरखून पाहिला. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तुझ्या पाठीमागं उभी होते आणि माझी नखं पिवळी होती. मला वाटलं, आता संपलं. ती म्हणाली, "असंल, अक्का. ऱ्हायली असंल माझ्या हातनं." तू तिला सगळ्यांदेखत सुनावलंस की माझ्या जात्याला पुन्हा हात लावायचा नाही. ती खाली मान घालून गेली, आणि मी तोंड उघडलं नाही.

लग्न मात्र तू निभावून नेलंस. मसाला तीनदा फडक्यातून गाळलास, तरी भरवसा वाटेना, तेव्हा आचाऱ्याच्या हातची पळी काढून घेतलीस. आमटी उकळल्यावर हलवू दिली नाहीस, कच तळाशी बसू दिलीस आणि वरचं वरचं स्वतः वाढायला काढून दिलंस. लोक बोटं चाटत जेवले. एका म्हातारीनं तर विचारलं, "या टायमाला कल्लहूव कुठनं मिळालं गं?" तू हसून विषय टाळलास. मला आजही खात्री आहे की किल्ल्याच्या दगडाला वासबीस काही नव्हता, ती सगळी तुझ्या हाताची चव होती.

चार दिवसांनी मी नदीवर गेले. ती पालाबाहेर नव्या जात्याची तळी घडवत बसली होती. मला पाहून हातोडी थांबवली नाही. "किल्ल्याचं खरवडलंस न्हवं?" मी रडायलाच लागले. अव्वाला सांगते म्हणाले. "नगं," ती म्हणाली. "माझं काय, आज हितं, उद्या जळकोटात. धा गावं हायेत मला. तुला त्याच घरात ऱ्हायचं हाय." मग तिनं मला शेजारचा एक जुना धोंडा दाखवला, त्यावर तसलाच राखी डाग होता. टाकीचं टोक तिनं डागावर टेकवलं आणि अलगद ठोकलं, तर वरचा पापुद्रा भुसभुशीत होऊन निघाला. तेच टोक उघड्या दगडावर ठोकलं तर नुसता आवाज आला. "ह्ये दगड खातंय, पोरी. लई सावकाश खातंय. म्हून आमी असला धोंडा जात्याला घेत न्हाय." पुढं कॉलेजात आमच्या प्राध्यापकांनी दगडफुलातून आम्लं पाझरतात आणि खडक झिजतो हे फळ्यावर लिहिलं, तेव्हा वर्गात ते आधीपासून माहीत असलेली मी एकटीच होते. माझी पहिली शिक्षिका ती. नंतरच्या सगळ्या पदव्या त्या धोंड्यावर रचलेल्या आहेत.

पोलीस ॲक्शन झाली, अप्पा घरी आले, सोलापूरचा माल सुरू झाला. तोवर जातं गुळगुळीत झालं होतं. दुसऱ्या कुणाकडून तू टाकवून घेतलंस, पण पीठ जाडंच यायचं, आणि अप्पा भाकरी मोडताना ती उलटीपालटी करून बघायचे. दिवाळीच्या तोंडावर तू मलाच पाठवलंस तिला बोलवायला. ती आली. तू तिला पाटावर बसवलंस, खण दिलास, नव्या मसाल्याची पुडी दिलीस आणि म्हणालीस, "झालं गेलं. माणसाच्या हातनं चूक व्हती. माझ्या मनात आता काय न्हाय." तिनं खण कपाळाला लावला. "मोठं मन हाय तुमचं, अक्का." माझ्याकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. न केलेल्या चुकीची माफी तिनं अशी गुमान पदरात घेतली, आणि ज्या पोरीला ती माफी हवी होती ती चुलीपाशी बसून लाकडं सारत होती. पुढं किती वर्षं ती येत राहिली. तुमच्या दोघींचं छान जमलं, जात्यापाशी बसून तासन् तास बोलायचात. मला तेवढ्यानं बरं वाटायचं आणि मी गप्प राहायची.

मी सुखात आहे, अव्वा. पणतीनं ते पाच ढीग पाकिटांत भरून नावं घातली. पुढच्या महिन्यात तिला किल्ल्यावर न्यायचंय, तटावरच्या डागांची नोंद अजून कुणी नीट केलेली दिसत नाही, असं ती म्हणते. मी एकदा ते खरवडलं तेव्हा काय काय झालं होतं, हे मी तिलाही सांगितलेलं नाही.

शेवटच्या आजारपणात तू एका दुपारी डोळे मिटून पडली होतीस आणि मध्येच म्हणालीस, "ती टाकीवाली लई गुणाची बाई. आयुष्यात एकडावच चुकली, लग्नाच्या मसाल्याला." मी तेव्हा पन्नाशीची होते. वनस्पतिशास्त्राची विभागप्रमुख होते. खोलीत आपण दोघीच होतो, तू मला मारणार नव्हतीस, आणि ती बाई जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मी तुझ्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाले, "व्हय, अव्वा. एकडावच."