दगड उचलला, एवढंच

विनिपेग, १४ जानेवारी २०१८

ती. ताईस,
नमस्कार, आणि तीनदा गालाला गाल. वि. वि.

तू पाठवलेली बर्बेरे तिखटाची पुडी पोचली. फोडली मात्र, आणि खालच्या मजल्यावरची बाई शिंकत वर आली. तिला चहा पाजून शांत केलं. फोनवर मोकळं बोलता येत नाही, सेनाइत तुझ्या खांद्याला कान लावून बसलेली असते, म्हणून हे पत्र.

आधी बातमी. मला निर्वासित म्हणून मान्यता मिळाली! आता पुढचा अर्ज कायमच्या वास्तव्याचा. तो मंजूर झाला की मला इथून कुणी हाकलू शकत नाही, आणि त्याच अर्जात सेनाइतचं नाव घातलं की तिलाही इथं येता येतं. ताई, पोरगी चार वर्षांची असताना मी तिला तुझ्या ओटीत टाकून निघाले, आता ती आठची झाली. मला माझी लेक हवी आहे. दुसरं काहीही नको.

अर्जात नवऱ्याबद्दल विचारतात. मी सरळ मेला म्हणून लिहिणार होते. इथल्या मदत केंद्रातली मार्गित म्हणून बाई आहे, तिनं माझा हातच धरला. म्हणाली, एक ओळ खोटी निघाली तर तुझंही जाईल आणि मुलीचंही. लग्नाचा नवरा आहे तर त्याचं नाव लिहायचंच. तो इथं येणार की नाही, हे मात्र मी ठरवायचं. आणि शेवटी तिनं हळूच सांगितलं की बापाच्या सहीशिवाय मुलीला कुणी विमानात बसवणार नाही.

म्हणजे बघ कसं आहे. जिनं माझी लेक वाढवली त्या तुझ्यासाठी या अर्जात जागा नाही, कारण बहीण म्हणे कुटुंबात धरत नाहीत. आणि नवरा म्हणून त्या किब्रेआबला अख्खा रकाना! वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी काही विसरलेले नाही. कंपालात निर्वासित असलेल्या आपल्या घराला तिसऱ्या देशात वसवायच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी टायफॉइडनं फणफणलेल्या सेनाइतला घेऊन इस्पितळात बसले होते. किब्रेआबनं आपल्या त्या बाईला, रिग्बातला, माझा सणाचा पांढरा झुरिया झगा घातला, माझं नाव आणि माझ्या आईचं नाव पाठ करून घेतलं, आणि बायको म्हणून तिला नेलं. पकडले गेले ते गेले, आपल्या घराचं प्रकरण कायमचं बंद करून गेले. म्हणून मला जंगलं तुडवत यावं लागलं. म्हणून इथल्या सरहद्दीवर बर्फात माझ्या डाव्या पायाची दोन बोटं गेली.

त्याची सही आण, ताई. कशी आणायची ते मला कळत नाही. पण त्याला मी इथं आणणार नाही. तिथंच सडू दे त्याला.

लोभ आहेच, तो वाढव. माझा राग मात्र कमी करायला जाऊ नकोस.
तुझी धाकटी,
अझिएब


कंपाला, २० फेब्रुवारी २०१८

चि. अझिएबला,
तोंडभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग मेणबत्ती लावून आले. मेला म्हणून लिहिणार होतीस काय! अगं, तो मेलेला नाही, चांगला जाड झालाय. रिग्बात त्याला सोडून गेली, दुसऱ्याच्या हॉटेलात गल्ल्यावर बसते. तेव्हापासून हा माझ्या दारात चकरा मारतो.

तुला मान्यता मिळाल्याचं आपल्या गल्लीत सगळ्यांना कळलं, कारण मीच सांगत सुटले. चूक झाली. दुसऱ्याच दिवशी स्वारी संत्री घेऊन हजर. सेनाइतला मांडीवर घ्यायला लागला, ती पाय झाडत माझ्यामागे लपली. मी इंजेराच्या पोळ्यांचं पीठ ढवळत होते, हात थांबवला नाही. सहीचं काढलं तर म्हणतो, सही कसली मागता ताई, आम्ही तिघं मिळूनच जाऊ, घर एक होईल. मी म्हटलं, घर तूच तर मोडलंस. त्यावर डोळ्यांत पाणी आणलं. त्याला ते कधीही आणता येतं.

आता ऐक. तो तुझ्याकडे वडीलधारी मंडळी पाठवणार आहे, तुमच्या तिथल्या चर्चमधली. निरोप गेलासुद्धा. तू तोंड सांभाळ. म्हाताऱ्या माणसांना दारातून परत पाठवलंस तर उद्या सेनाइतसाठी कुणी एक शब्द टाकणार नाही. आणि सही त्याच्याच हातात आहे, हे विसरू नकोस. कुठला राग कधी काढायचा, एवढं तरी माझ्याकडून शीक.

पायात दोन दोन मोजे घालत जा. सेनाइतनं तुला चित्र काढलंय, त्यात तू बर्फात उभी आहेस आणि तुझे पाय काढलेले नाहीत. बोटं किती काढायची ते तिला कळेना म्हणे.

माया करत राहा, आणि डोकं थंड ठेव. तिथं थंडीला काय तोटा!
तुझी,
लेतेब्रहान


विनिपेग, २ एप्रिल २०१८

ती. ताईस,
नमस्कार, सेनाइतला शंभर पापे. वि. वि.

आली गं मंडळी. काल प्रार्थना आटोपून तिघं जण आले. पुढे आबा तेकेस्ते, शुभ्र गाबी पांघरून, काठी टेकत तीन जिने चढून. मी शहाण्यासारखी हात धुवायला पाणी दिलं, हिंबाशाची गोड भाकरी कापली, लाह्या ठेवल्या, आणि कॉफी भाजायला बसले.

तुला माहीतच आहे पुढचं. पहिली वाटी भरली, तिघांनीही हात लावला नाही. मागणं मान्य झाल्याशिवाय आम्ही पिणार नाही, म्हणाले. मग सुरू झालं. देव दयाळू आहे, माणूस चुकतं, पडलेल्याला उठवावं, लेकराला बाप असावा. तासभर हेच. अर्जाचं नाव नाही, कॅनडाचं नाव नाही, विमानाचं नाव नाही! आपल्यात थोरामोठ्यांनी वस्तू मागायची नसते, ते दयाच मागतात. बाकीचं समोरच्यानं समजून घ्यायचं. मी बाईमाणूस, मी समजून घेते असंच ते धरून चालले होते.

मी मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, आबा, तुम्ही त्याच्यासाठी माझ्याकडे नेमकं काय मागताय? आबा म्हणाले, माफी. मी म्हटलं, अजून काही? ते म्हणाले, पोरी, माफीपेक्षा मोठं काय असतं!

मग मी माझी अट सांगितली. त्यानं कंपालातल्या आपल्या चर्चच्या आवारात, प्रार्थनेनंतर, सगळ्यांसमोर, आपल्या रीतीप्रमाणे मानेवर दगड घेऊन तुझ्या पायाशी यायचं. काय केलं ते तोंडानं, मोठ्यानं सांगायचं. मनातली घाण गेली याची खूण म्हणून सेनाइतच्या कागदावर वकिलासमोर सही करायची. एवढं झालं की माझ्या वतीनं तू त्याच्या मानेवरचा दगड उचलशील आणि मी त्याला माफ केलं असेल. शब्द दिला.

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिघांनी तिन्ही वेळची कॉफी घेतली, तिसरी आशीर्वादाची, तेव्हा मला आशीर्वाद दिला. मी एक अक्षर खोटं बोलले नाही, ताई. त्यांनी जे मागितलं ते दिलं.

अर्ज मार्गितकडे तयार आहे. त्यात सेनाइत येणार म्हणून लिहिलंय. किब्रेआबचं नाव आहे, विभक्त, आणि तो येणार नाही. हे तुझ्या-माझ्यात. चर्चमध्ये नको, गल्लीत तर नकोच. तुझं तोंड आता तूच शिवून घे.

लोभ आहे तसाच राहो, आणि दगड चांगला मोठा निवडा.
तुझी,
अझिएब


कंपाला, १३ मे २०१८

चि. अझिएबला,
पोटभर आशीर्वाद. वि. वि.

झालं एकदाचं. पाठवतेय तो सहीचा कागद छातीशी धरून दोन दिवस हिंडले, मग तिकडे येणाऱ्या माणसाच्या हाती दिला.

दगड त्यानं स्वतः निवडला होता, नारळाएवढा. मी म्हटलं, एवढ्यानं माझ्या बहिणीच्या बोटांचीसुद्धा भरपाई होत नाही. मग पाद्र्यांनी कुंपणापलीकडून दुसरा आणवला. तो घेऊन आवार ओलांडताना दोनदा थांबून त्यानं तो सावरला. सगळी आपली माणसं दोन्ही बाजूंनी उभी. रिग्बातही होती, मागे, तोंडावर पदर ओढून.

माझ्यासमोर वाकला आणि पुटपुटला. मी म्हटलं, ऐकू येत नाही. मग मोठ्यानं बोलला. माझी बायको आजारी पोर घेऊन इस्पितळात होती आणि मी तिच्या कपड्यांत दुसरीला उभी केली, तिची जागा मी दुसरीला दिली. बायकांमधून हाय हाय उठली. म्हातारी मेदहिन तर जमिनीवर थुंकली. अझिएब, खरं सांगते, क्षणभर मला त्याची कीव आली. खरंच रडत होता तो. मग इस्पितळात सेनाइतचं अंग चटके बसावेत असं तापलेलं होतं, ते आठवलं, आणि आणखी जरा वेळ त्याला तसाच वाकलेला ठेवला.

मग दगड उचलला. बायकांनी आनंदाचं उलुलु केलं. दुसऱ्या दिवशी वकिलाकडे सही.

पण आता माझ्या जिवाला घोर आहे. तो समजतोय की आपणही चाललो! दर रविवारी संत्री घेऊन येतो. बाजारात सांगतो, बायकोनं माफ केलं, आता बर्फ बघायचा. मी मूग गिळून बसते. उद्या त्याला सुगावा लागला आणि सही मागे घेतली तर? आणि तू तिकडे निवांत, रोज त्याचं तोंड बघायचं मला!

आशीर्वाद आहेतच, धीर तेवढा तू पाठव.
तुझी,
लेतेब्रहान


विनिपेग, ३० जून २०१८

ती. ताईस,
नमस्कार, आणि तुझ्या शिवलेल्या तोंडाला वेगळा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र किती वेळा वाचलं विचारू नकोस. कामावर हॉटेलच्या चादरींना इस्त्री मारताना मनात तेच आवार दिसत होतं. मला वाटलं होतं हे ऐकून आग विझेल. नाही विझली. उलट तो संत्री सोलतोय म्हटल्यावर आणखी भडकली.

अर्ज गेला. एक लक्षात ठेव, त्यालाही वैद्यकीय तपासणीला बोलावतील. घाबरू नकोस. मार्गित म्हणाली, जे येणार नाहीत त्यांचीही इथले लोक तपासणी करतात. त्याला काय समजायचं ते समजू दे. तू हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. पीठ ढवळत राहा.

सेनाइत विचारते का गं त्याच्याबद्दल? खरं काय ते कळव.

लोभ असू दे, सगळा माझ्यावरच.
तुझी,
अझिएब


कंपाला, ६ ऑक्टोबर २०१९

चि. अझिएबला,
आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद! वि. वि.

सेनाइतचा व्हिसा आला. येत्या शनिवारी ती निघेल, सोबत मदत संस्थेची बाई आहे. तिचे केस मी बारीक वेण्यांत बांधून देणार आहे, उतरल्यावर लगेच सोडू नकोस.

विचारलं होतंस म्हणून सांगते. आधी ती त्याच्या जवळ जात नव्हती. आता संत्र्याची साल अख्खी कशी काढायची ते त्यानं तिला शिकवलंय. परवा विचारत होती, बाबा कधी निघणार. मी म्हटलं, आईला विचार. तेव्हा उत्तर तयार ठेव. ते मी देणार नाही.

तो तपासणीत छातीचा फोटो काढून आला तेव्हापासून जमिनीवर नाही. म्हणतो, मुलगी आधी, बाकी मागून. हे मी नाही, त्यानं स्वतःच ठरवलं. काल मला त्याच्या कोटाचं माप लिहून घ्यायला लावलं, तुला कळवायला. खांदा अठरा इंच, बाही चोवीस, आणि आत लोकर हवी.

घरात आता मी एकटी उरणार. तो दगड इथंच आणलाय, पिठाच्या पिंपावरच्या झाकणावर ठेवते, मांजर तोंड घालत नाही. पोरगी गेल्यावर मला रविवारी संत्री कोण आणणार, असा विचार येऊन मलाच हसू आलं, आणि मग आलं रडू. माझ्यासाठी कुठल्या कागदात जागा आहे का, ते मार्गितला पुन्हा एकदा विचार. नसली तर राहू दे.

प्रेम आहेच, ते आता दोन घास जास्त लागेल.
तुझी,
लेतेब्रहान


विनिपेग, २१ ऑक्टोबर २०१९

ती. ताईस,
नमस्कार. वि. वि.

पोरगी पोचली. विमानतळावर तिनं मला ओळखलं नाही. मी बूट काढून पाय दाखवला, तेव्हा बोटं मोजली आणि मग गळ्यात पडली. वेण्या सोडलेल्या नाहीत, तुझ्या हाताचा वास जाईपर्यंत सोडणारही नाही. बाबांचं विचारलं. मी खरं सांगितलं, सगळं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. आज संत्रं सोललं आणि अर्धं मला दिलं.

तुझ्यासाठी वेगळा रस्ता असू शकतो, मार्गित म्हणते. लांबचा आहे, पण मी तो धरलाय. तू हो म्हण.

सोबत एक चिठ्ठी आहे. रविवारी तो आला की त्याच्या हातात दे. आणि दगड मांजरासाठीच ठेव, पुन्हा त्याला देऊ नकोस.

लोभ कर, आणि पिशवी भरायला लाग.
तुझी,
अझिएब


विनिपेग, २१ ऑक्टोबर २०१९

किब्रेआब यास,

सेनाइत माझ्याजवळ सुखरूप आहे. सही केलीस, तेवढं खरं.

तू वडीलधाऱ्यांच्या तोंडून माफी मागितलीस. ती मी दिली, ताईनं दगड उचलला, सगळ्यांनी पाहिलं. ती परत घेत नाही. पण माझ्या घरातली जागा तू मागितली नव्हतीस, आणि ती मी दिलेली नाही. अर्जात पहिल्या दिवसापासून तू न येणाऱ्यांत आहेस. माझी जागा तू एकदा दुसरीला दिलीस. कुणाला काय द्यायचं ते या वेळी मी ठरवलं.

आबा तेकेस्तेंना मी आजच हे सगळं सांगितलं.  मग त्यांनी वाटी पुढे केली आणि आशीर्वादाची तिसरी कॉफी मागितली.

तुझ्या कोटाचं माप मिळालं. तिकडं कोट लागत नाही.

अझिएब