एका रांगेतले ठिपके

बाबा,

काल कपाट आवरताना तुमची काचपट्ट्यांची लाकडी पेटी हाती आली. खाचा सगळ्या रिकाम्या. झाकण उघडल्यावर झायलीनचा, काप धुण्याच्या त्या द्रावणाचा, वास आला असं वाटलं, पण तो बहुधा माझ्याच नाकात राहिलेला असेल, चाळीस वर्षांपासून. तुमच्या हातांना तो कायम असायचा. बोरगावच्या घरी, स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, आई तुमच्या हातांवर पाणी ओतते आहे आणि म्हणते आहे, "दोनदा साबण लावा, मंग भाकरीले हात लावा. अन् जेवताना पोरीले आतड्याची गोष्ट नोका सांगू." तुम्ही मान डोलावता आणि पाटावर बसल्याबरोबर तीच गोष्ट सुरू करता. बोकडाच्या आतड्याच्या आतल्या अंगाला पेशी कशा उभ्या असतात, खांद्याला खांदा लावून, तोंडं अन्नाकडे आणि पाय खाली. "एकबी पेशी उलटी उभी नाई सापडत," तुम्ही म्हणता. "कोण सांगत असंल तिले, वर कोणतं अन् खाली कोणतं?" आई कपाळावर हात मारून घेते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत, प्राणिशास्त्राच्या सरांच्या हाताखाली, तुम्ही काप काढायचात. मेणात बसवलेल्या आतड्याचे इतके पातळ काप, की श्वास लागला तरी उडावेत. हिमॅटॉक्सिलिनच्या रंगाची बाटली, तोंडाला कापसाचा बोळा लावून, तुम्ही खिडकीत उन्हाला ठेवायचात, महिना दीड महिना. सरांना घाई असायची. तुम्ही शांतपणे म्हणायचात, "साहेब, रंग पिकला नाई तं पेशी तोंड दाखवत नाई." पुढचं काम तर डोळ्यांचंच होतं. आधी सगळा काप काळाकुट्ट रंगवायचा आणि मग लोहतुरटीच्या पाण्यात तो रंग हळूहळू उतरवायचा, मधूनमधून सूक्ष्मदर्शकाखाली बघत, नेमक्या क्षणी थांबायचं. तो क्षण कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. तो तुम्हाला कळायचा.

एकोणऐंशी साल असावं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आकृत्या काढायला शिकवल्या होत्या, टोकदार पेन्सिलीने, पुस्तकात असतील तशाच. ती पेन्सिल दरवर्षी जूनमध्ये तुम्ही आणायचात, सगळ्यांत महागातली. आणि त्याच शाळेत शिकलेली मी घरी तुम्हाला सुधारायची: "मले नाही बाबा, मला म्हणा." तुम्ही हसून म्हणायचात, "बरं, मला." आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा मले.

त्या शनिवारी दुपारी मी तुमचा डबा घेऊन आले. तुम्ही स्टुलावरून उठलात, माझा हात धरून मला बसवलंत. "ये, पाह्य. समदा रंग उतरला, पण हे ठिपके काळेच राह्यले. दोन पेशीच्या सांध्यावरचं काळं येगळं, ते सोड. हे पाह्य, हरेक पेशीत, मधोमध, वरच्या कडेखाली. जोडीजोडीनं." मी भिंगाला डोळा लावला. मग मान वर करून म्हणाले, "बाबा, पेशीतला ठिपका केंद्रकाशेजारी असतो, वरच्या कडेला नाही. त्याच्यापासून चारी बाजूंना धागे निघतात. पुस्तकात आकृती आहे. तुमची ही घाण आहे, रंगाची."

"घाण?" तुम्ही म्हणालात. "घाण अशी रांगेत बसते काय वो माय?"

"रंग अजून उतरवायला हवा होता."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, रागाने नाही. सोमवारी ती काचपट्टी सरांना दाखवायची म्हणून तुम्ही सकाळपासून जपली होती, हे मला नंतर आईकडून कळलं. "तू शिकून राह्यली, तुले जास्त माईत," एवढं म्हणून तुम्ही ती पुन्हा लोहतुरटीत सोडलीत आणि घड्याळाकडे न बघता उभे राहिलात. ठिपके गेले. सोमवारी सर म्हणाले, काय स्वच्छ काम आहे. त्यानंतर "ये, पाह्य" म्हणून तुम्ही मला कधी बोलावलं नाही. डबा घेताना नुसतं, "ठेव तिथं," म्हणायचात.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात मी नागपूरला शिक्षकांच्या उजळणी वर्गाला गेले होते. बाहेरून आलेल्या एका बाईंनी पडद्यावर काचेवर वाढवलेल्या पेशी दाखवल्या, कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या. पहिल्या दिवशी पेशी एकटी, पसरट, आणि तिच्यातल्या बारीक नळ्या केंद्रकाशेजारच्या ठिपक्यापासून चहूकडे फाकलेल्या, अगदी माझ्या पुस्तकातल्यासारख्या. मग शेजारणी येतात, एकमेकींना धरतात, कडेला सांधे जुळतात, त्या सांध्यांच्या पातळीवर तंतूंचा पट्टा आवळला जातो. वर कोणतं आणि खाली कोणतं हे जसजसं ठरत जातं, तसतसा आतला सांगाडा मोडून नव्याने उभा राहतो. ठिपक्यांची जोडी केंद्रकाला सोडून वर जाते, छताला टेकते. नळ्या ठिपक्यांना सोडतात आणि छतापासून तळापर्यंत खांबांसारख्या सरळ उभ्या राहतात. अंधाऱ्या खोलीत सगळे वहीत लिहून घेत होते. मला मात्र तुमचा काप दिसत होता, लोहतुरटीत फिका पडत जाणारा.

पुढच्या रविवारी एसटीने वडनेरला आले. निवृत्त होऊन, बोरगाव सोडून, तुम्ही तिथे गावच्या घरी राहायला गेला होतात, एका डोळ्यावर मोतीबिंदूची हिरवी पट्टी. चहा झाल्यावर तुम्हीच विचारलंत, "नागपुरात काय नवं दाखवलं?" मी बशी विसळत होते. म्हणाले, "काही नाही बाबा, जुनंच सगळं." तुम्ही म्हणालात, "असं कसं? एवढे दिवस काऊन बसवलं मंग तुमाले?" आणि हसलात. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

वर्गात मुलींना मी तुमची रांग शिकवली, दरवर्षी, फळ्यावर खडूने ठिपके काढून. ती आधी कोणी पाहिली हे कधी सांगितलं नाही. हे पत्र घडी करून पेटीत ठेवते आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी लहान होते, पुस्तकाने मला फसवलं. तसं नव्हतं, बाबा. त्या शनिवारी भिंगाला डोळा लावल्याबरोबर रांग मलाही दिसली होती.