सत्यनारायण, गोरिला आणि त्र्याहत्तर जोड

हॅरो,
२ ऑक्टोबर १९९३

तीर्थस्वरूप विष्णूभाऊजी,

हॅरोहून तुमच्या धाकट्या भावजयीचा, म्हणजे सुहासिनीचा, पदर सांभाळून (खरं तर कार्डिगन सांभाळून) वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी डोंगर चढायला कायमची बंदी केलीय ना? मागच्या पत्रात तुम्ही 'बहुधा' लिहिलं होतंत, म्हणून आपलं काळजीने विचारते. ताईंचं लोणचं पोचलं. हे ते भातावर, ब्रेडवर आणि कोणी बघत नसेल तर नुसतंच खातात. ह्यांची तब्येत उत्तम आहे. निदान दसऱ्यापर्यंत तरी तशीच राहो.

तर हकीगत अशी. आमची मंजिरी युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्र शिकते हे तुम्हाला ठाऊक आहेच. ईस्टरच्या सुट्टीत घरी आली तीच डोक्यात गोरिला घेऊन. (जेवताना, झोपताना एकाच विषयावर बोलते म्हटल्यावर ह्यांना वाटलं, कोणी मुलगा आहे. गोरिला आहे कळल्यावर हायसं वाटलं त्यांना.) युगांडात डोंगराळ मुलखात एक घनदाट जंगल आहे, दोनच वर्षांपूर्वी सरकारने ते राखीव केलं. तरी लोक हरणांसाठी चोरून तारेचे फास लावतात, आणि गोरिलाचं एखादं पिल्लू त्यात हात घालतं. मग ओढावं तितकी तार आवळत जाते, आणि शेवटी हात तरी जातो, नाहीतर जीव. हे फास हुडकून काढायला वनरक्षक रोज चिखलातून चढतात-उतरतात. त्यांच्यापैकीच बेनॉन नावाचा एक जण तीन महिने इथे शिकायला आला होता. मंजिरी त्याला आपल्याकडे जेवायला घेऊन आली.

भाऊजी, माणूस कसा म्हणाल, तर सोन्यासारखा! सवासहा फूट उंच, बोलणं मऊ, आणि वाढणाऱ्या बाईला नाही म्हणायचं नाही ही त्यांच्याकडचीही रीत. त्यामुळे माझ्या आग्रहाला आयुष्यात प्रथमच तोडीस तोड माणूस भेटला. चौदा पोळ्या! (ह्यांनी मोजल्या. मी असल्या गोष्टी मोजत नाही.) तो हात धुवायला गेला तेव्हा दारातले त्याचे बूट मला दिसले. तळवा सुटलेला, आणि तो जाड तारेने आवळून बांधलेला. विचारलं, तर हसून म्हणाला की तारेला तोटा नाही, फास काढले की मिळतेच. भाऊजी, त्याच क्षणी मी ठरवलं, ह्या माणसांच्या पायात धड बूट घातल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही. मी एकदा ठरवलं की काय होतं ते तुमच्या घराण्याला सव्वीस वर्षं माहीत आहे.

आमचं मित्रमंडळ श्रावणात चर्चचा हॉल भाड्याने घेऊन सत्यनारायण घालतं. (चर्चच्या व्हिकरना, म्हणजे तिथल्या पाद्रीबुवांना, प्रसादाचा शिरा फार आवडतो, त्यामुळे देवाधर्माची अडचण येत नाही.) मी अध्यक्ष जयंतरावांच्या नाकावर टिच्चून पत्रक काढलं: येताना जुने दणकट बूट आणावेत आणि पोर्चमध्ये डाव्या बाजूला ठेवावेत. जयंतरावांचं म्हणणं, पूजेच्या दिवशी पादत्राणं कसली गोळा करता. मी म्हटलं, भरतानेही पादुकाच मागितल्या होत्या.

लोकांनी भरभरून बूट आणले हो! एकतीस जोड. पण उजव्या बाजूला छप्पर गळत होतं, आणि पूजेला जाताना आपली माणसं पायातलं काढणारच. तेही सगळ्यांनी डावीकडेच काढलं. बूट युगांडाला पाठवणाऱ्या संस्थेचा ड्रायव्हर साडेचारला यायचा तो चारलाच आला. आत आरती टिपेला पोचलेली, झांजा वाजतायत, बाहेर पोर्चमध्ये बुटांचा ढीग. त्या बिचाऱ्याला वाटलं, केवढे दानशूर लोक! त्याने एकूण एक जोड व्हॅनमध्ये भरला आणि बेसिंगस्टोकच्या गोदामाकडे निघून गेला.

प्रसाद हातात घेऊन मंडळी बाहेर आली, तर पोर्च स्वच्छ! वरून मुसळधार पाऊस. बेचाळीस माणसं मोज्यांवर. जयंतरावांचे चामड्याचे नवेकोरे, उंच बूट त्यातच गेलेले. ते पायांना सुपरमार्केटच्या पिशव्या बांधून गाडीपर्यंत गेले. जाताना मला जे बोलले ते सत्यनारायणाच्या दिवशी बोलू नये. सगळे बूट परत आले नाहीत तर मंडळात गोरिलांचं नाव पुन्हा निघणार नाही, असा दमही दिला. मी म्हटलं, चला, उद्या माझ्याबरोबर बेसिंगस्टोकला.

आले, रबरी स्लिपर घालून. गोदामात बेनॉन आणि मंजिरी बूट निवडत बसले होते. चपला, सँडली, उंच टाचा एकीकडे ठेवल्या होत्या, त्या मी मुकाट्याने पोत्यात भरल्या. जयंतरावांना त्यांचे बूट दिसले आणि त्यांनी झडप घातली. बेनॉनने माफी मागितली, खिशातून तारेचा एक फास काढला, आणि त्यांच्या मनगटात अडकवून म्हणाला, सर, जरा सोडवून बघा. जयंतराव तापट माणूस, हिसका दिला. तार आवळली. आणखी ओढलं, आणखी आवळली. चेहरा उतरला हो त्यांचा. बेनॉनने अलगद तार सैल केली आणि तेवढंच सांगितलं की पिल्लाला हे सांगता येत नाही. जयंतरावांनी मनगट चोळलं. मग बूट स्वतःच्या हाताने युगांडाच्या खोक्यात ठेवून रबरी स्लिपरांवरच परतले. आता मंडळातर्फे दर वर्षी बूट जमवायचे असा ठराव त्यांनीच मांडलाय. अनुमोदन माझं.

सगळ्यांना मोठ्या माणसाचा आशीर्वाद हवा, तो तुम्ही द्यालच. ताईंना नमस्कार.

तुमची,
सुहासिनी

ता.क. बेनॉनचं पाऊल अकरा नंबरचं. एवढ्या जोडांत त्याच्या मापाचा एकही निघेना. तुम्ही स्कॉटलंड चढून गेल्यावर चौऱ्याऐंशी साली आमच्या लॉफ्टमध्ये ठेवलेले बूट अकराच नंबरचे होते. 'होते' हा शब्द मुद्दाम लिहिलाय. तो जाताना तेच घालून विमानात बसला. गुडघ्यांची चौकशी मी का केली हे आता ध्यानात आलं असेल.

ता.क. दोन. ह्यांना हे माहीत नाही. दर दसऱ्याला हे तुमचे, म्हणजे त्यांच्या दादाचे, बूट खाली काढून, तेल लावून, झेंडूचं फूल वाहतात. म्हणून विनंती, 'बूट बेनॉनला द्यावेत' असं जुलैची तारीख घालून मला एक पत्र लिहा, आणि ते दसऱ्याच्या आत पोचेल असं बघा. मी असं खोटं कधी मागितलं नव्हतं.

ता.क. तीन. पाकीट बंद करणार तोच बेनॉनचं पत्र आलं. गेल्या आठवड्यात एका पिल्लाचा हात त्यांनी वेळेत सोडवला. त्या चढावर डाव्या बुटाची नाडी तुटली, ती त्याच फासाच्या तारेने बांधलीय. भाऊजी, मला राहवलं नाही. ह्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, पत्र वाचून दाखवलं. ह्यांनी ते हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाले, दादाचे बूट डोंगरावर आहेत तर. आणि उठून नाडीची लांबी आठवून लिहून आणली, ती सोबत आहे. तेव्हा ते खोटं पत्र नको. नाड्या पाठवा, हे म्हणतात, होत्या तशा लालच हव्यात.