ताण सोडा म्हटलं, त्याची गोष्ट

ती. वन्संना,

डाव्या कोपराला पट्टी आहे, तेव्हा एकाच हाताचा नमस्कार गोड मानून घ्या. तुमचे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? इकडे सगळं ठीक. उभं असं काही राहिलेलं नाही, पण ठीक.

दुकान लेकीच्या हाती दिल्यापासून तुमच्या बंधूंची झोप उडालीय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (दुकान उत्तम चाललंय, हेच त्यांचं दुखणं.) डॉक्टर म्हणाले, ताण नको, मोकळ्या हवेत पडत जा. आता अंगणात झाड एक आणि झोळी बांधायला लागतात दोन. झालं! हे म्हणाले, आपण स्टँडच करू, आणि करायचाच तर घडीचा, कुठेही नेता येईल असा. (कुठे न्यायचाय, हे विचारायची सोय नाही.) मग पडद्यांच्या नळ्या गेल्या, माझी कपडे वाळत घालायची दोरी गेली. वर ताडपत्री, तिला दोन बाजूंनी काठ्या, आणि काठ्या नि स्टँड पडू नयेत म्हणून चारी दिशांना दोऱ्यांचे ताण. कुंपणापलीकडून शेजारचे मास्तर, उंटावरचे शहाणे, सल्ले देतच होते.

पहिली बसायची पाळी माझी, कारण माझं वजन कमी. (हे त्यांनी लग्नानंतर प्रथमच कबूल केलं.) खरं सांगते वन्सं, छान वाटलं. पण हे आपले भोवती घिरट्या घालतायत, गाठी चाचपतायत, कपाळाला आठ्या. मला राहवेना. म्हटलं, "अहो, ताण सोडा आता!"

उभ्या जन्मात बायकोचं एकदा ऐकलं, ते तेवढंच. त्यांनी सोडला.

आधी काठ्या आल्या, मग मी, मग ताडपत्री, आणि मला धरायला धावलेले तुमचे बंधू. आत अंधारात आम्ही दोघं हसत सुटलो. हसता हसता यांचा आवाज बंद झाला. मी घाबरले, तर घोरणं ऐकू आलं. किती दिवसांनी! मला रडूच आलं. कोपर ठणकत होतं, तरी मी हलले नाही. तेव्हापासून रोज दुपारी ते त्या पसाऱ्यातच झोपतात.

तुमची,
वहिनी

ता. क. रविवारी येताय ना? येताना झोपायला घडीची खाट आणा. स्टँडचे पाय कुठून आले, ते वर लिहायचं राहिलं.

पुन्हा ता. क. भाऊजींचा पाना मात्र घरीच लपवून ठेवा. पडलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात, तासाभरात स्टँड ताठ उभा करतील. वन्सं, पाया पडते, तो पडलेलाच राहू दे.